अर्धा स्वर खाली

धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. दोन्ही मुलीच. हिवाळ्याच्या तोंडावर, आठव्या महिन्यातच आल्या, मुठीएवढ्या. म्हणून मुलगी आणि जावई त्यांना घेऊन सरळ माहेरीच राहायला आले, आणि ज्या घरात इतकी वर्षं पियानो आणि शिवणयंत्र असे दोनच आवाज होते तिथं दिवसभर रडारड सुरू झाली. आजोबा झालेला माणूस गाणारा होता. शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात तो संगीतिकांमध्ये गायचा. आवाज टेनर, म्हणजे पुरुषांतला उंच पट्टीचा. जुळ्या घरी आल्या त्या दिवशीच त्यानं जाहीर केलं, "मोठी पांढरी सहाला रडते आणि धाकटी काळी पाचला. दोघी एकदम लागल्या की कानाला चटका बसतो." बायको म्हणाली, "दोघी भुकेला रडतात. पट्टी कसली सांगताय, बाटली गरम करा." जावई हसला आणि बाटली गरम करायला तोच उठला.

हे पट्ट्यांचे आकडे घरचेच होते. लहानपणी ताईनं पियानोच्या सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्यांना नंबर दिले होते, आणि पुढं कितीही शाळा-शिक्षक झाले तरी त्याच्या डोक्यात सूर त्याच नावांनी राहत आले. जगात जे काही वाजतं त्याला एक नंबर असतो, असं त्याला चौथ्या-पाचव्या वर्षापासून माहीत होतं, जसं इतरांना पानं हिरवी असतात हे माहीत असतं. त्यामुळे एका सकाळी तो खांद्यावर दुधाचा डाग घेऊन तालमीला निघाला, लिफ्ट येऊन थांबली, तिची घंटा वाजली, तेव्हा त्याचा उचललेला पाय तसाच राहिला. घंटा चुकली होती. या इमारतीत राहायला आल्यापासून ती पांढरी पाच होती. आज ती काळी चार वाजली. अर्धा स्वर वर. खाली उतरल्यावर त्यानं रखवालदाराला विचारलं, "लिफ्टची घंटा बदलली का हो?"

"घंटा?" रखवालदार म्हणाला. "साहेब, आतला पंखा उन्हाळ्यापासून बंद आहे, तो बदलेनात. घंटा कोण बदलतंय!"

ट्राममध्ये बसल्यावर तो मुकाट्यानं ऐकत राहिला. दार बंद होतानाचा भोंगा, अर्धा स्वर वर. नाट्यगृहाच्या कँटीनमधलं कॉफीचं यंत्र वाफ सोडताना जी शीळ घालायचं ती, अर्धा स्वर वर. सगळ्या शहरानं रातोरात संगनमत करून आपापले आवाज थोडे वर उचलून ठेवले होते आणि याला तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. तालमीच्या खोलीत पियानो वाजायला लागला. तो कागदावर एक सूर बघत होता आणि कानात दुसराच येत होता, आणि आजूबाजूचे सगळे निवांत गात होते. शेजारच्या जाड्या टेनरनं कोपर मारलं, "काय आजोबा, झोप नाही वाटतं?" तो म्हणाला, "जुळं आहे बाबा." आणि हे कारण त्याला पुढं पुष्कळ दिवस पुरलं.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आईवडील कामावर गेले की घर तिच्या ताब्यात असायचं, आणि त्या घरात एक जुना पियानो होता. ताई त्याला भिंतीकडे तोंड करून उभा करायची आणि मागं चमच्यानं काहीतरी वाजवायची. पेला, खिडकीची कडी, दिव्याची काच. "न बघता सांग, छोट्या." तो सांगायचा. बरोबर आलं की ती लगेच पुढची वस्तू वाजवायची. पुढं पाहुणे आले की हा खेळ बैठकीच्या खोलीत व्हायला लागला. कुणी आपलं घड्याळ वाजवून दाखवी, कुणी किल्ल्यांचा जुडगा, आणि आई दारात पदराला हात पुसत उभी राही, जणू काही तिला त्यात विशेष वाटतच नाही. बरोबर की चूक हे ताई सांगायची. ते तिला कसं कळतं, हे कुणी कधी विचारलं नाही. त्यानंही नाही. ती दाखवणारी होती, तिला कोण दाखवणार? ती पुढं एका शाळेत गाणं शिकवायला लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. पन्नाशीनंतर केव्हातरी तिनं आपला पियानो शाळेलाच देऊन टाकला. बोटं दुखतात म्हणाली. रविवारी जेवायला यायची, पण त्याच्या पियानोजवळून जाताना झाकणाला हातसुद्धा लावायची नाही. या हिवाळ्यात मात्र तिनं जुळ्यांसाठी चार स्वेटर विणून आणले. ते बघून बायको स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "बोटं दुखतात म्हणे, आणि टाके बघा कसे, यंत्रासारखे." त्यावर त्यानं काही विचार केला नव्हता.

त्याला गाणं शिकवणारी बाई मोठी फटकळ होती. पहिल्याच महिन्यात म्हणाली, "आवाज तुझा बरा आहे. असे बरे आवाज या जिन्यावरून रोज चढतात नि उतरतात. कान मात्र तुझ्यासारखा मी पाहिला नाही. तेव्हा तू उपाशी मरणार नाहीस, एवढं नक्की." आणि झालं तसंच. कान असल्यामुळे त्याला सगळंच यायला लागलं. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनहून थोडा मोठा, तो शिकला, कारण शाळेत व्हायोला वाजवायला कुणी नव्हतं. ऑर्गन शिकला, कारण ऑर्गनवाल्याचा पाय मोडला होता. नाट्यगृहात लागला तो कोरसमध्ये, मागच्या रांगेत. पण चार महिन्यांतच मुख्य टेनरचा घसा ऐन प्रयोगाच्या दुपारी बसला आणि यानं कधीही न गायलेली भूमिका संध्याकाळी पुस्तक न बघता गाऊन दाखवली. कपडे त्याला ढगळ होत होते. शिवण खात्यातली एक मुलगी तोंडात टाचण्या धरून त्याची कंबर आवळत होती आणि म्हणत होती, "श्वास घ्या. आता घ्या म्हणतेय ना, नंतर जमणार नाही." तिच्याशी त्यानं लग्न केलं. त्या प्रयोगाचं सगळ्यांनी कौतुक केलं, मुख्य टेनरचा घसा आठवड्यानं सुटला, आणि हा परत मागच्या रांगेत आला. त्यानंतर कुणीही आजारी पडलं की याला हाक यायची. वाद्यवृंदात व्हायोला कमी पडला, बोलवा. नाचाच्या वर्गाला पियानो हवाय, बोलवा. ट्राम चालवणाऱ्यांची एक गाणारी मंडळी होती, त्यांचा संचालक गाव सोडून गेला, तीही याच्या गळ्यात आली आणि कायमचीच राहिली. नाट्यगृहात त्याचं नाव पडलं 'बदली'. फोनवर लोक तोंडावर म्हणायचे, "बदली आहेत का घरी?" बायको म्हणायची, "आहेत. आज कुणाच्या जागी हवेत?" त्याला याचं फार वाईट वाटायचं असं नाही. पण प्रत्येक वेळी ढगळ किंवा आखूड कपडे अंगात चढवताना, आपल्या मापाचा अंगरखा कुठंतरी शिवून टांगून ठेवलेला असेल आणि तो आपण कधीच बघणार नाही, असं त्याला वाटून जायचं. मग पडदा उघडायचा आणि ते विसरायला व्हायचं.

या वर्षी तो अंगरखा निघाला. वसंतातल्या मोठ्या कार्यक्रमात गायकवृंदाची एक लांबलचक रचना होती. तिची सुरुवात कुठल्याही वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यांवर. निम्मी झाल्यावर ऑर्गन येऊन मिळायचा, आणि तिथूनच पुढं टेनरनं एकट्यानं गायची जागा होती. वृंदाचा संचालक, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "ही जागा तुमची. कुणी आजारी नाहीये. मला तुम्हीच हवे आहात." हंगाम संपला की त्याची निवृत्ती होती. म्हणजे पहिली आणि शेवटची. घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा बायको शिवणयंत्राचं चाक हातानं थांबवून म्हणाली, "कुणाच्या जागी?" तो म्हणाला, "माझ्या." मग ती मापाची टेप घेऊन उठली आणि म्हणाली, "माप घ्यायला उभे राहा."

त्या रचनेत वृंदाला पहिला सूर तोच द्यायचा. हे त्याचं जुनं काम होतं. इतर ठिकाणी नादकाटा आपटून कानाला लावतात. या वृंदात संचालक नुसता याच्याकडे बघे, हा ओठ मिटून सूर गुणगुणे, आणि तो सूर रांगांतून एकेकाच्या तोंडी जाई. इतक्या वर्षांत कुणी तो तपासून बघितला नव्हता. लिफ्टची घंटा चुकली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं पियानो जुळवणाऱ्या ट्यूनरला घरी बोलावलं. घरचा पियानो वर चढलाय, म्हणाला. थंडीनं पियानो उतरतात, चढत नाहीत, हे ट्यूनरला ठाऊक होतं, तरी तो गुडघ्यावर नादकाटा आपटून लाकडाला टेकवून ऐकत बसला. आतल्या खोलीत जुळ्या झोपल्या होत्या.

"पांढरी सहा आहे," ट्यूनर म्हणाला. इतक्या वर्षांत त्यालाही या घरचे नंबर पाठ झाले होते.

"काळी पाच आहे."

"बरं, काळी पाच म्हणा." त्यानं काटा पुन्हा आपटून याच्या हातात दिला. "हा काटा माझ्या बापाचा. हा कसा चढेल?"

त्यानं काटा कानामागच्या हाडाला लावला. काळी पाच. स्वच्छ, शांत, ठाम काळी पाच. कुणी आपल्या आईचा फोटो दाखवून ही शेजारीण आहे म्हणावं तसं वाटलं. ट्यूनर हत्यारं पिशवीत भरत म्हणाला, "होतं असं. तुमच्यासारखे कान असतात ना, त्यांचंच होतं. आमचे साधे कान, त्यांना मुळात नंबरच कळत नाही, तर सरकणार काय! वय झालं की आत काहीतरी ढिलं पडतं म्हणतात. पियानो जागेवर आहे. तुम्ही हललात."

"परत येतं का?"

"मी कानांचा डॉक्टर आहे का? चहा ठेवा."

चहा पिताना त्यानं ट्यूनरकडून वचन घेतलं की हे कुठं बोलायचं नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती जागा जाईल, एवढीच भीती. सूर देणाऱ्याचाच सूर सरकलाय हे कळल्यावर कोण त्याला एकट्याला पुढं उभं करेल? मग त्यानं एक हिशेब बसवला. जे ऐकू येईल त्यातून अर्धा स्वर वजा करायचा. जो सूर द्यायचा असेल त्यात अर्धा मिळवायचा. पांढरी सहा द्यायचीय, तर मनात काळी पाच धरायची. आतून किंचाळून सांगणारं सगळं खोटं मानायचं आणि खोटं वाटेल ते गायचं. हे त्यानं सगळा हिवाळा केलं. परक्या भाषेत राहणाऱ्या माणसासारखा तो घरी येऊन दमून पडायचा. लहानपणापासून सूर त्याच्याकडे आपणहून येत होते, त्यांच्यासाठी त्याला काही करावं लागलं नव्हतं. आता प्रत्येकाला दारात अडवून, तू कोण, असं विचारावं लागत होतं. उंच जागा घेताना आणखीच पंचाईत. घसा जात होता नेहमीच्याच जागी, पण कानाला तो त्याच्याही वर गेल्यासारखा ऐकू यायचा आणि घसा भ्यायचा. तालमीत एकदा सूर फाटला. संचालक म्हणाला, "जुळं?" सगळे हसले. जुळ्यांच्या रडण्यातही आता त्याला शंका यायला लागली होती. त्या दिवशी आपण जी पांढरी सहा आणि काळी पाच म्हणालो, ती तरी खरी होती का? का तेव्हाच सरकायला लागलं होतं? आजोबा नातींजवळ बसून त्यांचं रडणं कान देऊन ऐकतात, हे बघून मुलगी म्हणायची, "बाबा, नुसतं ऐकू नका, उचला."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. बायकोनं शिवलेला काळा कोट त्याला खांद्यापासून मनगटापर्यंत बेतशीर बसला होता, आणि ती तिसऱ्या रांगेत बसून लोकांकडे न बघता कोटाच्या पाठीकडे बघत होती. तिच्या शेजारी ताई. गेल्या काही महिन्यांत ताई वाळली होती. करड्या कोटाच्या आत तिचा पत्ताच लागत नव्हता. वृंद उभा राहिला, लोक खोकून गप्प झाले. संचालकानं मान वळवून याच्याकडे बघितलं. त्याच क्षणी याची नजर ताईकडे गेली. तिनं डोळे मिटले होते आणि मान थोडी कलती केली होती, अगदी तशी, जशी ती चमचा पेल्यावर मारायच्या आधी करायची. न बघता सांग, छोट्या. आणि त्यानं सांगितलं. हिशेब केला नाही, मिळवलं नाही, वजा केलं नाही. ओठ मिटून त्यानं पांढरी सहा दिली, त्याच्या आतली, चार वर्षांच्या मुलाची पांढरी सहा, आणि ती रांगांतून पुढं गेली.

चूक झाली हे त्याला कळलं नाही. कळणार कसं? हिवाळाभरात पहिल्यांदाच सगळं बरोबर ऐकू येत होतं. कागदावर जे होतं तेच कानात येत होतं, प्रत्येक सूर आपल्या नंबरावर बसला होता, आणि त्याला वाटलं की ते आतलं ढिलं पडलेलं काहीतरी आपोआप घट्ट झालं. बरं झालो, असं तो गाता गाता मनात म्हणाला. ऑर्गन आला तोही नीट आला, जागच्या जागी. त्याची एकट्याची जागा आली. तो गायला. उंच सुरावर गेला तेव्हा घसा भ्यायला नाही, तिथं पोचल्यावर अजून वर मोकळी हवा होती. आपल्याला हे सगळं आयुष्य येतच होतं, असं त्याला शांतपणे वाटलं. त्यात अभिमान नव्हता की दुःख नव्हतं. संपल्यावर लोक उठून उभे राहिले. जाड्या टेनर टाळ्या वाजवता वाजवता पुटपुटला, "बदली, आज कुणाचा घसा आणला होतास रे?"

आतल्या बोळात ऑर्गनवाली भेटली. ती एके काळची त्याचीच विद्यार्थिनी, आता चाळिशीची बाई. बोटं चोळत होती.

"सर, पुढच्या वेळी आधी सांगत जा हं. पाचही काळ्या पट्ट्यांत वाजवायला लावलंत मला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, अर्धा स्वर खाली घेतलात ना! मी ऑर्गनवर बसून ऐकतेय, आता वर चढतील, मग चढतील. म्हटलं, नाही चढत. मग सगळंच खाली उतरवलं. तुम्हीच शिकवलंय, कुठल्याही पट्टीत घ्यायला. त्या वेळी शिव्या घातल्या होत्या तुम्हाला, आज पाया पडायला हरकत नाही." ती हसली. "संचालकही खूश आहेत. म्हणाले, वृंद दमलेला होता, म्हाताऱ्यानं धोरणानं खाली घेतलं."

तो भिंतीला टेकला. धोरणानं. म्हणजे कुणाला काही कळलेलं नव्हतं, आणि कळायचं कारणही नव्हतं. 'हो, मुद्दामच घेतलं' एवढं म्हटलं की झालं. अजून दोन प्रयोग होते. त्याच्या जिभेवर ते वाक्य आलंही. तेवढ्यात बायको ताईच्या कोपराला धरून तिला बोळातून घेऊन आली. ताईनं त्याच्या कोटाची बाही दोन बोटांत धरली. तिचे डोळे ओले होते. आई गेली तेव्हाही त्यानं ते तसे पाहिले नव्हते.

"छोट्या," ती म्हणाली, "किती वर्षांनी रे सगळं जागच्या जागी ऐकलं. एकेक सूर आपल्या नंबरावर."

ऑर्गनवालीनं एकदा त्याच्याकडे, एकदा ताईकडे बघितलं आणि वह्या उचलून निघून गेली. तो ताईच्या बोटांकडे बघत राहिला. सरळ, सडपातळ, न सुजलेली बोटं.

"तुला कधीपासून?" त्यानं विचारलं.

ताईनं बाही सोडली. काय विचारलं ते तिला कळलं, आणि तो ते का विचारतोय हेही कळायला तिला फार वेळ लागला नाही. "अगंबाई," ती म्हणाली. "म्हणजे आज..." आणि मग तिला हसूच आलं. "मला पन्नाशीत. शाळेत पोरं गात होती, मी ओरडले, वर चढू नका म्हणून. पोरं बिचारी बरोबर होती."

"आणि बोटं?"

"बोटांना काय धाड भरलीय?"

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तू त्या कानावर घर चालवत होतास. तुझ्या नशिबी नसेलही, असं वाटायचं. आधीच कशाला तुझ्या मनात किडा सोडायचा? पियानो तेवढा घरात नको झाला. रोज खोटं बोलायचा माझ्याशी."

बायको दोघांकडे बघत उभी होती. "मला कुणी सांगणार आहे का काय झालंय ते?" ती म्हणाली. "का तेही न बघता ओळखू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो संचालकाच्या खोलीत गेला आणि जे होतं ते सांगितलं. संचालकानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मग सूर ऑर्गनवाली देईल," तो म्हणाला. "एक पट्टी दाबायची, त्यात काय! गाणार तुम्हीच. आता तुमच्या मापाचा दुसरा कुठून आणू?" उरलेले दोन्ही प्रयोग त्यानं खऱ्या पट्टीत गायले. कानाला सगळं वर ऐकू येत होतं, घसा भीत होता, तरी गायले. बरे झाले. पहिल्यासारखे नाही झाले, आणि ते त्याच्याखेरीज फार तर दोघा-तिघांना कळलं. मग तो निवृत्त झाला. ट्राम चालवणाऱ्यांची मंडळी त्यानं सोडली नाही, तिथं खिशातून नादकाटा काढून गुडघ्यावर आपटायला लागला, आणि एका ड्रायव्हरनं विचारलं, "हे काय, आता ब्रेक तपासून गाडी काढायची का?" तो म्हणाला, "हो."

उन्हाळ्यात ट्यूनर आला तेव्हा यानं त्याला सांगितलं की पियानो अर्धा स्वर खाली उतरवायचा. सगळा.

"सगळा?" ट्यूनर म्हणाला. "दोनशेच्या वर तारा आहेत. आणि मग कुणी दुसरा वाजवायला बसला तर?"

"दुसरं कोण बसणार आहे?"

"लोक म्हणतील, ट्यूनरला काम येत नाही."

"सांगा, घरातली माणसं हललीत."

ट्यूनर दोन खेपांत ते काम करून गेला. पुढच्या रविवारी ताई जेवायला आली, नेहमीसारखी पियानोच्या बाजूनं निघाली, आणि त्यानं झाकण उघडून एकच पट्टी दाबली. ती थांबली. भिंतीकडे तोंड केलं. "पांढरी सहा," म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. चार हातांनी वाजवायचे ते लहानपणचे तुकडे दोघांनी वाजवले, अडखळत, एकमेकांना कोपरं मारत, आणि 'माझी जागा सोड', 'तुझा अंगठा मध्ये येतो' असं भांडत. जावयानं तोंड थोडं वाकडं केलं. तो गिटार वाजवायचा आणि काट्याशी पडताळून बघायची त्याला खोड होती. बायको म्हणाली, "वाजवू द्या. त्यांना ते बरोबर ऐकू येतंय." त्यानंतर ताई रविवारची वाट न बघता यायला लागली. जुळ्या पियानोखाली रांगत असायच्या, आणि ताई मधूनच चमचा घेऊन त्यांच्या दुधाच्या बाटलीवर मारून बघायची. त्या दोघींना नंबर कळतात की नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वसंतात ट्यूनर आला तेव्हा त्यानं पिशवी न उघडताच विचारलं, "आता वर चढवू का?"

"राहू दे," तो म्हणाला.

ताई त्याच वर्षी फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी, आपल्या घरी वारली होती. जुळ्या तेव्हा नुकत्याच चालायला लागल्या होत्या.